'ड्रॅगन' मासिकाचा उदय आणि अस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पुण्यातील खेळमंडळाच्या कपाटात 'ड्रॅगन' या अमेरिकन मासिकाचे जुने अंक आहेत. ते चाळायला येणारी मंडळी, त्यांचे पालक आणि घरच्या माळ्यावर असा एखादा गठ्ठा सापडलेले लोक गेली काही वर्षे साधारण तेच प्रश्न विचारत आले आहेत. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असे लिहिले असून, जेथे मजकुराची पुनरावृत्ती झाली असती तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'ड्रॅगन' हे नेमके कशाचे मासिक होते?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (थोडक्यात डी अँड डी) या खेळाची मूळ प्रकाशक कंपनी टीएसआर हिने काढलेले हे छंद-मासिक होते. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातील पात्रे होतात आणि एखादी कृती साधली की फसली याचा निकाल फाशांवर लागतो. गोष्ट सांगणाऱ्याला डंजन मास्टर म्हणतात आणि मासिकाचा खरा आश्रयदाता तोच होता, कारण दर आठवड्याला मित्रांपुढे नवे काहीतरी मांडण्याची जबाबदारी त्याच्यावर असे.

'ड्रॅगन' हे व्हिडिओ गेमचे मासिक नव्हते. संगणकावरील खेळांची परीक्षणे त्यात काही काळ नियमितपणे येत असत, एवढाच त्याचा त्या जगाशी संबंध.

२. पहिला अंक १९७५चा की १९७६चा? दोन्ही साले वाचायला मिळतात.

'ड्रॅगन' या नावाचा पहिला अंक जून १९७६चा आहे. १९७५ हे साल येते ते त्याच्या पूर्वसुरीमुळे. टीएसआरने १९७५च्या आरंभी 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' नावाचे अगदी थोड्या पानांचे वार्तापत्र सुरू केले आणि एप्रिल १९७६ पर्यंत त्याचे सात अंक निघाले. त्यात सैनिकी डावपेचांचे युद्धखेळ आणि हा नवा कल्पनारम्य खेळ, अशा दोन्ही गोष्टी एकाच पंगतीला बसत होत्या. दोहोंचे वाचक वेगळे आहेत हे लक्षात आल्यावर टिम कास्क यांच्या संपादनाखाली दोन नियतकालिके काढण्यात आली: कल्पनारम्य खेळांसाठी 'द ड्रॅगन' आणि युद्धखेळांसाठी 'लिटल वॉर्स'. दुसरे फार काळ तग धरू शकले नाही आणि पुढे पहिल्यात विलीन झाले.

आरंभीच्या अंकांवर 'द ड्रॅगन' असे छापलेले आढळते. 'द' हा शब्द १९८० मध्ये गळला. दोन्ही नावांचे अंक एकाच मालिकेचे असून त्यांचा अनुक्रमही सलग आहे, म्हणून कपाटात ते वेगळे लावण्याचे कारण नाही.

३. नियमांची पुस्तके बाजारात असताना लोक मासिक कशासाठी घेत होते?

मूळ नियमपुस्तिका अपुऱ्या होत्या आणि काही ठिकाणी कमालीच्या संदिग्ध होत्या, हे पहिले कारण. एकच नियम दोन गावांत दोन तऱ्हांनी खेळला जाई आणि वाद मिटवायला जवळपास कोणीही नसे. १९७९ पासून 'सेज अॅडव्हाइस' या सदरात वाचकांच्या नियमविषयक शंकांना उत्तरे मिळू लागली आणि ते सदर अनेक संपादकांच्या कारकिर्दीत टिकून राहिले. पुण्यात बसून आज ते वाचतानाही जाणवते, की प्रश्न विचारणारा कोणत्या क्षणी अडला असेल. जादूगाराने बंद खोलीत आगीचा गोळा फेकला तर तो किती पसरतो, यावरून भांडण झालेला गट कोणत्याही देशात असू शकतो.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. पुस्तकात एखाद्या राक्षसाविषयी पाच-सात ओळी आणि काही आकडे असत. मासिकाने त्याच प्राण्याला जगायला जागा दिली. एप्रिल १९८३च्या, म्हणजे ७२व्या अंकात 'द इकॉलॉजी ऑफ' या शीर्षकाची लेखमाला सुरू झाली. तिचा पहिला मानकरी होता 'पिअर्सर', म्हणजे गुहेच्या छतावर दगडी सुळक्यासारखा लटकणारा आणि खालून जाणाऱ्यावर कोसळणारा जीव. खेळाडूंच्या दृष्टीने तो तोवर केवळ एक खोडकर सापळा होता. हा जीव खातो काय, वाढतो कसा, कोसळल्यानंतर परत वर कसा जातो, असे प्रश्न लेखाने निसर्गअभ्यासकाच्या गांभीर्याने विचारले. पुढे याच पद्धतीने कितीतरी प्राण्यांवर लेख आले. ते वाचणाऱ्या डंजन मास्टरला आकड्यांऐवजी प्रसंग सुचू लागले.

याशिवाय व्यंगचित्रे होती, कथा होत्या, लहान मूर्ती रंगवण्याविषयीचे लेख होते, एप्रिलच्या अंकात थट्टेचा खास मजकूर असे आणि कधी कधी अंकातच एक संपूर्ण खेळ मिळे (प्रश्न १३ पाहावा).

४. मासिक वाचकांनीच लिहिलेले असे, हे कितपत खरे आहे?

बऱ्याच अंशी खरे आहे, आणि माझ्या मते मासिकाच्या उत्कर्षाचे मुख्य कारण हेच होते. कंपनीतील माणसे लिहीत, गायगॅक्स यांचे स्वतःचे सदरही होते, परंतु दर महिन्याला लागणाऱ्या मजकुराचा मोठा भाग टपालाने येई. लेखकांसाठी नियमावली होती, लेख परत येत, स्वीकृत लेखांना मानधन मिळे. शाळा-महाविद्यालयातला मुलगा, एखादा अभियंता, एखादा ग्रंथपाल असे लोक आपल्या घरच्या खेळात सुचलेली गोष्ट व्यवस्थित लिहून पाठवत आणि ती देशभर खेळली जाई.

एड ग्रीनवूड हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. कॅनडातील हे ग्रंथपाल लहानपणापासून एक काल्पनिक जग रचत आले होते. १९७९ मध्ये त्यांचे लेखन 'ड्रॅगन'मध्ये छापून आले आणि पुढे ते नियमित लेखक झाले. जादूच्या ग्रंथांविषयीच्या त्यांच्या लेखांत त्या जगातील गावे, राज्ये आणि जादूगार ओझरते येत आणि वाचकांना त्यापलीकडचे हवेसे वाटे. अखेर टीएसआरने ते जग विकत घेतले आणि १९८७ मध्ये 'फरगॉटन रेल्म्स' या नावाने प्रसिद्ध केले. आज डी अँड डी खेळणाऱ्या पुण्यातील मुलांना ज्या जगाची नावे तोंडपाठ असतात, ते मासिकाच्या पानांतून वाढलेले आहे.

मराठी वाचकांना हे नवे वाटू नये. आपल्याकडेही मासिकांनीच लेखक घडवले आणि 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाल्यावर नव्या लेखकाने कथा पाठवायची कुठे, ही चिंता खरीच होती. 'ड्रॅगन'ची छपाई थांबल्यावर खेळ लिहू पाहणाऱ्यांसमोर नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

५. सर्वांत भरभराटीचा काळ कोणता? खप किती होता?

१९८०च्या दशकाचा मध्य. त्या सुमारास मासिकाचा खप एक लाखाच्या पुढे गेला होता, आणि छंद-खेळांच्या मासिकासाठी हा आकडा फारच मोठा होता. संपादक होते किम मोहन. नावावरून आपल्याकडील काही वाचक त्यांना भारतीय समजतात, परंतु ते अमेरिकन होते. भाषेविषयी ते अतिशय काटेकोर होते आणि त्यांच्या हाताखाली मासिकाची मांडणी, मुद्रितशोधन आणि नियमांची स्पष्टता यांत डोळ्यांत भरेल असा फरक पडला. १९८६ मध्ये ते बाहेर पडले आणि रॉजर मूर यांनी सूत्रे घेतली.

त्याच वर्षी 'डंजन' नावाचे भावंडही जन्माला आले. त्याविषयी पुढच्या प्रश्नात.

६. 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही एकच मासिके आहेत का?

नाही. 'डंजन'मध्ये थेट खेळायला घेता येतील अशी तयार साहसे असत, नकाशांसह. 'ड्रॅगन'मध्ये लेख, नियम, सदरे आणि चर्चा असे. साहसे वेगळ्या नियतकालिकात गेल्यामुळे 'ड्रॅगन'ला लेखांसाठी पाने मोकळी झाली.

७. घरचे मासिक असूनही त्यात इतर कंपन्यांच्या खेळांना जागा मिळे का?

आरंभीच्या दीड दशकात निश्चितच मिळे. प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या जाहिराती असत, त्यांच्या खेळांची परीक्षणे असत आणि त्यांच्यासाठी लिहिलेले लेखही छापले जात. टीएसआरने १९८२ मध्ये एसपीआय ही युद्धखेळांची नामांकित कंपनी ताब्यात घेतली. एसपीआयचे 'एरिस' हे विज्ञानकथांवरील खेळांचे नियतकालिक नंतर बंद झाले, तेव्हा त्याच नावाचा एक विभाग काही काळ 'ड्रॅगन'च्या मागच्या पानांत चालवला गेला. त्या काळातील कोणताही अंक उघडला, तर त्या महिन्यात छंदाच्या एकूण जगात काय घडत होते हे कळते.

हा पैस पुढे आक्रसत गेला. २००० मध्ये डी अँड डीची तिसरी आवृत्ती आल्यानंतर मासिक जवळजवळ संपूर्णपणे त्या एकाच खेळाचे झाले आणि मजकूर अधिकृत असल्याची ग्वाही मुखपृष्ठावर येऊ लागली. खेळाडूला अधिकृत नियम हवे असतात, त्यामुळे या निर्णयामागे व्यापारी शहाणपण होते हे मान्य करावे लागते. तरीही मला हा मासिकाच्या ऱ्हासाचा आरंभ वाटतो. ज्या मासिकाचा विषय एका कंपनीच्या एका उत्पादनाएवढा होतो, त्याचे आयुष्यही त्या उत्पादनाच्या धोरणाला बांधले जाते.

ब्रिटनमधील 'व्हाइट ड्वार्फ' हे १९७७ मध्ये सुरू झालेले मासिकही असेच आक्रसले. आधी सर्व खेळांविषयी लिहिणारे ते मासिक १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात केवळ गेम्स वर्कशॉप या आपल्या मालक कंपनीच्या खेळांचे झाले. ते मात्र आजही निघते. फरक एवढाच, की तेथे मासिक आणि खेळ कायम एकाच छपराखाली राहिले. 'ड्रॅगन'च्या बाबतीत तसे राहिले नाही.

८. मासिक १९९७ मध्येच बंद पडले होते, असे ऐकले आहे. ते खरे का?

बंद पडले नव्हते, खंडित झाले होते. १९९६च्या अखेरीस टीएसआर आर्थिक अडचणीत सापडली. पुस्तकांच्या दुकानांत गेलेली, पण न खपलेली पुस्तके वितरकाने मोठ्या संख्येने परत केली, त्यांचे पैसे फिरवायचे होते, आणि छपाईची देणी थकल्यामुळे नवे काही छापून मिळेना. नवे छापता येत नाही म्हणून पैसा येत नाही आणि पैसा नाही म्हणून छपाई नाही, अशा कात्रीत कंपनी अडकली. परिणामी १९९७च्या पूर्वार्धात कित्येक महिने 'ड्रॅगन'चा अंक निघालाच नाही. वर्गणीदारांनी काय समजायचे ते समजून घेतले.

त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातील विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली. 'मॅजिक: द गॅदरिंग' या १९९३च्या पत्त्यांच्या खेळाने तिला गडगंज केले होते. मासिक पुन्हा सुरू झाले, क्रमांक जेथे थांबला होता तेथून पुढे चालू राहिला. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, विझर्ड्स कंपनीच हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाच्या मालकीची झाली.

९. पायझो कंपनीचा यात काय संबंध? ते मालक होते का?

मालक नव्हते, परवानाधारक होते, आणि पुढचे सगळे नाट्य या एका फरकात आहे. विझर्ड्सने २००२ मध्ये आपला मासिकांचा विभाग बंद केला, तेव्हा तेथील काही मंडळींनी पायझो पब्लिशिंग ही स्वतंत्र कंपनी उभारून 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही दोन्ही नियतकालिके परवान्यावर चालवायला घेतली. नाव, खेळ आणि त्यातील जगे विझर्ड्सच्या मालकीची राहिली. संपादन, छपाई, वर्गणी आणि वितरण पायझोकडे गेले.

पायझोच्या काळातील अंक दर्जाने उत्तम आहेत. विशेषतः 'डंजन'मध्ये वर्षभर चालणारी सलग साहसमालिका देण्याची कल्पना त्यांनी रुजवली.

१०. मग छापील मासिक बंद का झाले? इंटरनेटने मारले, असेच ना?

असे सर्रास म्हटले जाते, पण ते पुरेसे अचूक नाही. एप्रिल २००७ मध्ये जाहीर झाले, की विझर्ड्स कंपनी पायझोचा परवाना पुढे वाढवणार नाही. सप्टेंबर २००७ मध्ये 'ड्रॅगन'चा ३५९वा आणि 'डंजन'चा १५०वा अंक निघाला आणि दोन्हींची छपाई थांबली. म्हणजे वर्गणीदार संपले म्हणून किंवा प्रकाशकाला परवडेना म्हणून हे मासिक थांबले नाही. छापणाऱ्या संपादकांना ते चालवायचे होते, पण नावाच्या मालकाला ते स्वतःकडे हवे होते.

मालकाला ते कशासाठी हवे होते, येथे इंटरनेट येते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीची घोषणा झाली आणि तिच्याबरोबर दरमहा पैसे भरून वापरायची एक डिजिटल सेवा आणण्याचे ठरले. त्या सेवेत मजकूर म्हणून 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही नावे वापरायची होती. शिवाय, नियमविषयक शंका विचारायला आता मासिकाची वाट पाहावी लागत नव्हती, जाहिरातदार संकेतस्थळांकडे वळले होते आणि खेळांची छोटी दुकाने, जेथे सुटे अंक विकले जात, ती कमी होत चालली होती. प्रश्न ३ मध्ये सांगितलेले पहिले कारण अशा रीतीने इंटरनेटने नाहीसे केले. दुसरे कारण मात्र, म्हणजे संपादकाने निवडलेला, तपासलेला, विचारपूर्वक लिहिलेला लेख, इंटरनेटने नाहीसे केले नव्हते, आणि त्याच्या जोरावर छापील मासिक आणखी काही वर्षे नक्की चालले असते असे मी मानतो.

पुढे काय झाले ते पाहिले, तर हे मत निराधार वाटणार नाही. मासिके हातातून गेल्यावर पायझोने ऑगस्ट २००७ मध्ये 'पाथफाइंडर' नावाची साहसांची मासिक पुस्तकमालिका सुरू केली. २००९ मध्ये तिला स्वतःचे नियम लाभले. विझर्ड्सने २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीचे नियम खुल्या परवान्यावर दिले होते, त्याच आधारावर ते रचले गेले, आणि पाहता पाहता हा खेळ डी अँड डीचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी झाला. ज्या वाचकांना दर महिन्याला छापील काहीतरी हवे होते, ते त्याच संपादकांमागे गेले.

११. वर्गणीदारांच्या उरलेल्या पैशांचे काय झाले?

पायझोने त्यांना पर्याय दिले: उरलेल्या अंकांच्या किमतीत 'पाथफाइंडर'ची पुस्तके घ्यावीत किंवा ती रक्कम कंपनीच्या दुकानात अन्य खरेदीसाठी वापरावी. या व्यवहारामुळे कंपनीविषयी जो विश्वास निर्माण झाला, तो पुढे तिच्या कामी आला.

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच क्षेत्रात आहे. प्रश्न ७ मध्ये उल्लेखलेल्या एसपीआयचे 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' हे नियतकालिक प्रत्येक अंकासोबत एक संपूर्ण युद्धखेळ देत असे. १९८२ मध्ये टीएसआरने ते ताब्यात घेतले, परंतु आधीच पैसे भरलेल्या वर्गणीदारांची जबाबदारी स्वीकारली नाही. आजीव वर्गणी भरलेले निष्ठावंत वाचक त्यात दुखावले गेले आणि त्यांतील पुष्कळजण परत आले नाहीत. वर्गणी हे वाचकाने आगाऊ ठेवलेल्या विश्वासाचे रूप असते, आणि ते न पाळल्याची किंमत टीएसआरला मोजावी लागली.

१२. माझ्याकडे ३५९ पेक्षा मोठ्या क्रमांकाच्या अंकाची नोंद आहे. शेवटचा अंक नक्की कोणता?

शेवटचा छापील मासिक अंक ३५९, सप्टेंबर २००७. त्यानंतर विझर्ड्सने ३६० पासून क्रमांक पुढे चालवत डिजिटल रूपात 'ड्रॅगन' काढले आणि ते डिसेंबर २०१३ मध्ये ४३०व्या क्रमांकावर थांबले. २०१५ मध्ये 'ड्रॅगन प्लस' नावाचे मोबाइलवरील मोफत नियतकालिक आले आणि २०२२ मध्ये तेही थांबवण्यात आले. त्याचे क्रमांक नव्याने १ पासून असल्यामुळे 'ड्रॅगनचा पहिला अंक' विकायला आहे असे कोणी म्हटले, तर कोणता ते आधी विचारावे.

आमच्या यादीत आम्ही केवळ छापील अंक धरतो.

१३. जुना अंक विकत घेताना काय तपासावे?

सर्वप्रथम मधल्या पिना. बरेच जुने अंक मधोमध पिना मारलेले आहेत आणि नकाशे, भेटखेळ किंवा जाड कागदावरील सोंगट्या त्याच जागी घातलेल्या असत. ऑगस्ट १९७९चा २८वा अंक हे चांगले उदाहरण आहे. टॉम व्हॅम यांचा 'द ऑफुल ग्रीन थिंग्ज फ्रॉम आउटर स्पेस' हा खेळ त्यात संपूर्ण दिलेला होता, आणि खेळायचा तर त्यातील सोंगट्या कापून काढाव्याच लागत. त्यामुळे या अंकाच्या सापडणाऱ्या प्रतींत तो भाग बहुधा नसतो. अंक मध्यभागी उघडावा. पिनांची टोके सैल झाली असतील, भोके ओढली जाऊन लांबट झाली असतील किंवा दोन पानांच्या मध्ये कागदाची अरुंद फाटकी पट्टी अडकून राहिली असेल, तर तेथून काहीतरी काढले गेले आहे असे खुशाल समजावे.

दुसरे, 'बेस्ट ऑफ ड्रॅगन' या नावाने निवडक लेखांचे जे संग्रह निघाले, ते मूळ अंक नव्हेत. वाचायला ते छानच आहेत, परंतु मूळ अंकाची किंमत त्यांना देऊ नये.

१४. पुण्यात हे अंक कुठे मिळतील?

ठरावीक असे दुकान नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके भरपूर असली, तरी तेथील व्यवहार मुख्यतः पाठ्यपुस्तके आणि स्पर्धापरीक्षांचा आहे, त्यामुळे तेथे हे मासिक शोधण्यात वेळ जातो. आमच्याकडे आलेले बहुतेक अंक परदेशातून परतलेल्या कुटुंबांच्या सामानातून आले आहेत. औंध, बाणेर, कोथरूड या भागांत घर बदलताना असे गठ्ठे थेट रद्दीवाल्याकडे जातात, आणि ओळखीच्या रद्दीवाल्याला मुखपृष्ठाचे चित्र दाखवून ठेवणे हा आजवरचा सर्वांत फलदायी मार्ग ठरला आहे. इंग्रजी नाव त्याला सांगण्यापेक्षा चित्र दाखवावे. मुखपृष्ठावरचा पंखवाला राक्षस एकदा पाहिला की तो विसरत नाही.

१५. अंकांची बांधणी करून ठेवावी का? पावसाळ्यात कागद खराब होतो.

बांधणी शक्यतो करू नये. ग्रंथालयांसाठी काम करणारे आपले बाइंडर पद्धतीप्रमाणे मुखपृष्ठे काढतात, मागच्या जाहिराती काढतात आणि तिन्ही कडा यंत्रावर कापून सरळ करतात. 'ड्रॅगन'च्या बाबतीत मुखपृष्ठाची चित्रे हा अर्धा आनंद आहे, जाहिराती हा इतिहासाचा पुरावा आहे आणि काही पानांवर मजकूर थेट कडेपर्यंत गेलेला असल्याने कापताना अक्षरे जातात. बांधणी करायचीच असेल, तर अंक न कापता, मुखपृष्ठांसह, पिना काढून, दोऱ्याने शिवून द्यावेत असे बाइंडरला लिहून द्यावे आणि काम सुरू होण्यापूर्वी एकदा समोर उभे राहून पाहावे.

जून ते सप्टेंबर या काळात पिना गंजतात आणि त्यांचा तपकिरी डाग आतल्या चार-सहा पानांवर उतरतो. कसर लागते ती बहुधा भिंतीला टेकलेल्या खालच्या खणात. अंक उभे, पण दाबून न ठेवता, भिंतीपासून थोडे दूर असलेल्या वरच्या खणात ठेवावेत, आणि पाऊस उघडल्यावर एकेक अंक सावलीत, पंख्याखाली उघडून ठेवावा. कडक उन्हात ठेवू नये, मुखपृष्ठाचा रंग उडतो.

१६. मासिक तर बंद आहे. मग जुने अंक स्कॅन करून गटात वाटायला काय हरकत आहे?

मासिक बंद झाल्याने त्यावरील हक्क संपत नाहीत. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क कायम राहतात आणि परदेशी साहित्यालाही आंतरराष्ट्रीय करारांमुळे येथे संरक्षण आहे. गायगॅक्स यांचे निधन २००८ मध्ये झाले, एवढ्यावरून अंदाज यावा. स्वतःच्या अभ्यासापुरती एखाद्या लेखाची प्रत काढणे कायद्यातील रास्त वापराच्या तरतुदीत बसू शकते. संपूर्ण अंकच्या अंक वाटणे बसत नाही.

येथे एक खरी गुंतागुंत आहे. १९९९ मध्ये पहिल्या २५० अंकांचा संग्रह सीडींवर अधिकृतपणे प्रसिद्ध झाला होता आणि तो उत्तम होता. तरीही तो बाजारात टिकला नाही. कारण प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या शेकडो बाहेरच्या लेखकांकडून निरनिराळ्या काळात निरनिराळ्या अटींवर मजकूर घेतला गेला होता आणि त्या वेळी डिजिटल पुनर्मुद्रणाचा विचार कोणी केलेला नव्हता. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'न्यूयॉर्क टाइम्स'विरुद्धच्या एका खटल्यात, मुक्त लेखकांचे लेख परवानगीशिवाय डिजिटल संग्रहात घालता येत नाहीत असा निर्णय दिल्यानंतर तर सर्वच प्रकाशक सावध झाले. ज्या गोष्टीने मासिक मोठे केले, त्याच गोष्टीमुळे ते पुन्हा प्रसिद्ध करणे अवघड झाले, याची मला मनापासून खंत वाटते.

१७. आम्हाला हा खेळ मराठीत आणायचा आहे. मासिकातील लेखांचे भाषांतर करू शकतो का?

लेखांचे नाही. भाषांतराचा हक्कही मूळ हक्कधारकाकडेच असतो. मात्र खेळ मराठीत आणण्याचा रस्ता मोकळा आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. जानेवारी २०२३ मध्ये विझर्ड्सने पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला केला. योग्य श्रेय देऊन त्याचे मराठी भाषांतर करता येते, छापता येते आणि विकताही येते. त्यावर आधारित स्वतःची साहसेही लिहिता येतात. सिंहगडाच्या घेऱ्यातील एखाद्या भुयारावर साहस लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

१८. जुन्या अंकातील लेख आजच्या खेळात वापरता येतात का? आमचे आकडे जुळत नाहीत.

आकडे जुळणार नाहीत, कारण मासिकाच्या आयुष्यात नियमांच्या अनेक आवृत्त्या होऊन गेल्या. नेहमी अडचण येते ती चिलखताच्या आकड्याची. २००० पूर्वीच्या नियमांत हा आकडा जितका कमी तितके संरक्षण चांगले, अगदी शून्याखालीही. तिसऱ्या आवृत्तीपासून तो जितका जास्त तितके चांगले. १९८५च्या अंकातील राक्षसाचा आकडा २ असेल, तर तो दुबळा नसून चांगलाच कणखर आहे. सोपा उपाय असा, की २० मधून जुना आकडा वजा करावा. १८ येईल, आणि आज खेळायला तेवढे पुरेसे जवळ आहे. शक्ती आणि जादूचे तपशील मात्र चालू नियमांतूनच घ्यावेत आणि जुन्या लेखातून प्राणी, जागा, माणसे आणि हेतू घ्यावेत. 'इकॉलॉजी' लेखमालेला आवृत्तीची अडचण जवळजवळ येतच नाही, म्हणून नव्या वाचकाने सुरुवात १९८० च्या दशकातील त्या लेखांपासून करावी.

१९. आमच्या घरी असा गठ्ठा आहे. मंडळाला देता येईल का?

अवश्य. देण्यापूर्वी अंक वर्षवार लावण्याचे किंवा चिकटपट्टीने दुरुस्त करण्याचे कष्ट घेऊ नयेत. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून कागदात मुरते आणि ती काढताना अक्षरे निघतात. सुटी झालेली पाने, नकाशे, सोंगट्यांचे तुकडे, अंकात ठेवलेले हाताने लिहिलेले कागद हे सारे जसे आहे तसेच, एकाच पिशवीत द्यावे. पात्रांची माहिती पेन्सिलीने लिहिलेले जुने कागद अनेकजण टाकून देतात. ते कृपया टाकू नयेत, कारण कोणता लेख प्रत्यक्ष खेळात वापरला गेला हे आम्हाला त्यांवरूनच कळते.